खजुरीला जामीन

मुहनदच्या नावानं फातेहा पढायची भाषा कुणी काढली, की नजीबा त्याच्या हातातला चहाचा पेला काढून घेई. अर्धा प्यालेला असला तरी. सख्ख्या नणंदेचाही तिनं असाच काढून घेतला होता आणि वर दारापर्यंत पोचवायलाही गेली नव्हती. बगदादमध्ये पाहुण्याला चहा न विचारणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखंच. पण दिलेला चहा परत घ्यायची तऱ्हा एकट्या नजीबाची.

फातेहा मेलेल्यांसाठी पढतात, आणि मुहनद मेला हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. तो सकाळी गाडीची बॅटरी आणायला म्हणून निघाला, पुलाजवळ काही माणसांनी त्याला अडवलं. गाडी तिथेच सापडली, तो सापडला नाही. ते वर्षच तसं होतं. त्यांच्या अतैफिया मोहल्ल्यातल्या प्रत्येक गल्लीतून कुणी ना कुणी असं गेलं. बाकीच्यांना निदान प्रेत मिळालं. नजीबा आणि तिचा नवरा शवागारात जाऊन पडद्यावरचे फोटो बघत बसायचे, नाही म्हणून मान हलवायचे आणि परत यायचे. त्या फेऱ्यांमध्ये नवरा खचला आणि एक दिवस बसल्या जागी गेला. त्याच्यासाठी तिनं मांडव घातला, कुराण पढायला कारी बोलावला, रीतसर सगळं केलं. मुलासाठी नाही. लोक तिला अजून उम्म मुहनद म्हणत होते, मुहनदची आई, आणि ती ओ देत होती.

लोकांना वाटायचं बाई भ्रमिष्ट आहे. तशी नव्हती. तिच्याकडे पुरावा होता आणि तो अंगणात उभा होता.

मुहनद चाळीस दिवसांचा झाला तेव्हा त्याच्या बापानं भावाच्या बागेतून बरही जातीच्या खजुरीचं पिल्लू आणून कुंपणाच्या भिंतीशी लावलं होतं. पोरगा आणि खजुरी बरोबरच वाढले. पोराला दात आले, तिला झावळ्या आल्या. पोराला मिसरूड फुटलं त्या सुमाराला ती घसघशीत फळायला लागली. पिवळेधमक, करकरीत, चाव्यासरशी गोड रस सुटणारे खजूर. मुहनद गेला त्या वर्षीही ती फळली. त्याच्या पुढच्या वर्षी तर घोस पेलायला काठ्या लावाव्या लागल्या. नजीबानं मनाशी गाठ बांधली ती तेव्हा. ही फळतेय म्हणजे तो कुठेतरी पोटभर जेवतोय. असल्या गोष्टी आई कुणाला सांगत नाही, पण त्यांच्यावरच जगते.

पहिला घोस मुहनदचा. तो धुऊन, पुसून, पिशवीत भरून फ्रीजरमध्ये जायचा आणि पुढचं पीक येईपर्यंत तिथेच राहायचा. नवा आला की जुना चिमण्यांना. आता मात्र त्या पिशवीवर पिशवी आली नव्हती. खजुरीनं फळणं थांबवलं होतं. वीज जायची तेव्हा पिशवीतले खजूर विरघळायचे, आली की पुन्हा गोठायचे, आणि असं होता होता त्यांचा एक काळा गोळा झाला होता. नजीबानं तो टाकला नव्हता.

चासिब हा तिच्या खजुरीचा माणूस. इथे प्रत्येक घराचा डॉक्टर ठरलेला असतो, न्हावी ठरलेला असतो, तसा खजुरीचा माणूसही. वसंतात तो कागदाच्या पुडीत नर झाडाचा पराग घेऊन यायचा, दोरखंडाचा जाड पट्टा झाडाभोवती आणि स्वतःच्या कमरेभोवती घालून सरसर वर चढायचा आणि फुलोऱ्यात पराग झटकायचा. शरदात घोस उतरवायचा. थंडीत वाळक्या झावळ्या छाटायचा. आणि सगळा वेळ बोलत राहायचा, निम्मं खाली नजीबाशी आणि निम्मं वर झाडाशी. आदमला घडवून उरलेल्या मातीची खजुरी झाली, म्हणजे ती आपल्या बापाची बहीण, असं इथली म्हातारी माणसं मानतात. म्हणून चासिब तिला आत्याबाई म्हणायचा. "काय आत्याबाई, यंदा केस विंचरले नाहीत वाटतं?"

दर थंडीत दोघांचं एकदा वाजायचं. जुन्या झावळ्यांचे खुंट बुंध्यावर तसेच राहिले होते, आणि चासिबला ते साफ करायचे असत.

"उम्म मुहनद, हे काढू द्या. यात किडे घर करतात. लोक मला नावं ठेवतील की चासिबनं आत्याला झिंज्या ठेवल्या."

"वरचे काढ. खालच्यांना हात लावायचा नाही. त्यांच्यावर पाय ठेवून मुहनद चढायचा."

"अहो, पण आता तो एवढा मोठा..."

चासिब तिथेच जीभ चावायचा. त्याला त्याचा चहा प्यारा होता.

"चढेल परत," नजीबा म्हणायची, आणि विषय संपायचा.

खजुरी पहिल्यांदा फळली नाही तेव्हा दोघांनीही मनावर घेतलं नाही. आळशी खजुरीला काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. एकानं कुऱ्हाड घेऊन यायचं आणि तोडतो म्हणून धमकवायचं. दुसऱ्यानं मध्ये पडायचं आणि तिला जामीन राहायचं. झाड घाबरतं, लाजतं आणि पुढच्या वर्षी फळतं. एकदा कुणी जामीन राहिलं, की पुढच्या हंगामापर्यंत त्या झाडाला हात लावायचा नाही. तिथे मग थट्टा नसते. शब्द तो शब्द.

चासिबनं त्या दिवशी काय नाटक केलं होतं! बाह्या सरसावल्या, कुऱ्हाडीला थुंकी लावली, डोळे वटारले. "खाते-पिते, अर्धं अंगण अडवून बसलीय, आणि देते काय? कचरा! सरा बाजूला, हिचं आज सरपण करतो!" कुऱ्हाडीची उलटी बाजू त्यानं बुंध्यावर दाणकन आपटली. शेजारच्या गच्चीवरून इब्तिहाल मोबाइलवर ते सगळं टिपत होती आणि हसून तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. नजीबानं दोन्ही हात पसरून झाडाला पाठीशी घातलं. "नको रे चासिब! सोड तिला. पुढच्या वर्षी देईल. मी जामीन!"

पुढच्या वर्षी खजुरीनं चार किरटे घोस धरले आणि जून लागताच गाळून टाकले. पुन्हा कुऱ्हाड आली. चासिब पुन्हा गरजला. नजीबा पुन्हा जामीन राहिली, पण या खेपेला 'पुढच्या वर्षी देईल' म्हणताना तिचा आवाज फुटला आणि इब्तिहालनं मोबाइल खाली ठेवला.

या वसंतात चासिब परागाची पुडी घेऊन आला, पट्टा घालून चढायला लागला आणि अर्ध्यावर थांबला. अर्ध्यावर थांबणारा माणूस नव्हे तो. बोलणंही थांबलं. नजीबानं खालून विचारलं, "काय झालं रे? दम लागला? म्हातारा झालास?"

तो खाली उतरला. खालच्या खुंटांपाशी आल्यावर त्यानं कोयत्यानं एक खुंट उचकटला. त्याच्या मागे अंगठा जाईल एवढं भोक होतं आणि भोकातून तपकिरी चिकट रस ओघळत होता. दुसरा उचकटला, तिथेही तेच. आंबलेल्या खजुराचा वास अंगणभर झाला. चासिबनं कोयत्याच्या मुठीनं बुंध्यावर ठोकलं. वर ठोकलं तेव्हा भरीव आवाज आला. मध्यावर ठोकलं तेव्हा रिकाम्या पिंपावर ठोकल्यासारखा.

"ही आळशी नाही, उम्म मुहनद," तो म्हणाला. "ही आजारी आहे."

"कधीपासून?"

चासिबनं कोयता पुसला. पुसण्यासारखं त्याच्यावर फार काही नव्हतं, तरी पुसत राहिला.

"कधीपासून, चासिब?"

"फळणं थांबलं तेव्हापासून. त्याच्या आधीपासूनही असेल."

"म्हणजे गेल्या वर्षी..."

"गेल्या वर्षी मी कुऱ्हाड नाचवत होतो," चासिब म्हणाला. "वास आला होता मला. म्हटलं, पाणी साचलं असेल. खुंट काढून बघायला हवं होतं."

खुंट कुणी काढू दिले नव्हते हे तो बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. नजीबाला निदान त्याच्यावर ओरडता आलं असतं. आता ती नुसती त्या भोकांकडे बघत राहिली. दोन वर्षं आपण हिला धमकावलं, आणि ही बिचारी आतून खाल्ली जात होती. या एका विचारानं तिला इतकं लाजल्यासारखं झालं, की ती आत जाऊन तोंड धुऊन आली.

"औषध?"

"औषधानं किडा मरेल. पोखरलेलं भरून येणार नाही. आणि बघा ना, झुकलीय कुठे."

बघायची गरज नव्हती. खजुरी कमरेतून वाकून इब्तिहालच्या गच्चीवर गेली होती. इतकी वर्षं गल्लीत त्याचीच थट्टा चालायची, की पाणी पिते नजीबाचं आणि खजूर टाकते शेजारी. आता त्याच गच्चीवर, त्याच सावलीत, उन्हाळ्याच्या गाद्या पडायच्या. खालच्या खोल्या भट्टीसारख्या तापतात आणि वीज नसते, म्हणून सगळं बगदाद गच्चीवर झोपतं. इब्तिहाल, तिचा नवरा घस्सान, चार वर्षांची रवा आणि पाळण्यातलं बाळ.

"तोडावी लागेल," चासिब म्हणाला. "वाळूच्या वादळांच्या आधी."

"धमकाव तिला."

"काय?"

"पुढच्या गुरुवारी कुऱ्हाड घेऊन ये आणि धमकाव. मी जामीन राहते. एक वर्ष मिळेल."

"अहो, ते आळशी झाडाचं असतं! आजाऱ्याला कुणी धमकावतं का?"

"तू ये," नजीबा म्हणाली. चासिबनं हत्यारं गोळा केली. चहा न पिताच गेला, आणि तोही आपणहून.

त्या संध्याकाळी इब्तिहाल डोल्म्याची, भात भरलेल्या द्राक्षपानांची, ताटली घेऊन आली. भिंतीपलीकडे सगळं ऐकू जातं. तिनं ऐकलं होतं. नजीबा भांडायच्या तयारीत बसली होती. माझ्या पोरांचं काय, असं ही म्हणेल, मग आपण म्हणू की तुझी पोरं माझ्या खजुरीखाली वाढली, तेव्हा गोड लागली का? सगळी उत्तरं तयार होती.

"खाला," इब्तिहाल म्हणाली, "आम्ही यंदा गच्चीवर नाही झोपणार. मी घस्सानशी बोललेय. खालीच झोपू. तुम्ही तोडू नका तिला."

नजीबाची सगळी तयारी वाया गेली.

"खाली? त्या खोलीत? बाळाला घामोळं येईल."

"पावडर लावीन."

"आणि ही रवा? ही ऐकणारेय का? पाठ फिरली की गच्चीवर पळेल."

"जिन्याला कुलूप घालीन, खाला. तुम्ही डोल्मा खा, गार होईल."

"मी कधी म्हटलं तुम्ही वर झोपू नका म्हणून?" नजीबा उगाच खेकसली. इब्तिहाल हसली, ताटली ठेवून गेली. नजीबाला डोल्मा गिळवेना. भांडली असती तर जिंकता आलं असतं. अशा माणसापुढे काय करायचं?

गुरुवारी सकाळी चासिब आला. कुऱ्हाड खांद्यावर होती, पण बाह्या सरसावलेल्या नव्हत्या. तो झाडासमोर उभा राहिला आणि शाळेतल्या पोरानं पाठांतर म्हणावं तसं म्हणाला, "ही देत नाही. हिला मी तोडतो."

उलट्या बाजूनं त्यानं बुंध्याला कुऱ्हाड टेकवली. मारायचं धाडस त्याला होईना. आणि नजीबाकडे बघत थांबला.

नजीबानं तोंड उघडलं. शब्द तोंडात होते, दोनदा वापरलेले. तेवढ्यात शेजारच्या गच्चीच्या कठड्यावर हनुवटी टेकवून बसलेली रवा तिला दिसली. जिन्याचं कुलूप एका आठवड्यात उघडलं होतं. पोरगी मजा बघायला आली होती. मोबाइलमधलं नाटक तिनं आईकडे शंभरदा पाहिलेलं. तिच्या डोक्यावर झावळ्या हलत होत्या आणि त्यांची सावली तिच्या तोंडावरून इकडून तिकडे जात होती.

मी जामीन. कशाच्या जोरावर? नजीबाच्या मनात आलं, माझं पोर गेलं तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. कुणी विचारलं नाही, कुणी थांबवायची संधी दिली नाही. आज विचारतायत. हिच्या आईला पुढे मी काय सांगणार, की मी शब्द दिला होता?

"उम्म मुहनद," चासिब म्हणाला, "बोला. मी तोडतोय."

ती रवाकडेच बघत होती.

"अहो, मी तोडतोय! तुम्ही 'नको' म्हणायचंय!"

"मला ठाऊक आहे मी काय म्हणायचंय ते," नजीबा म्हणाली. "तोड."

चासिबनं कुऱ्हाड खाली ठेवली आणि तो भिंतीशी उकिडवा बसला. त्याला रडू आलं होतं. नजीबा त्याच्यावर ओरडली, "बसलास काय? रवाला आधी खाली ने! आणि दोर आण!"

दुपारपर्यंत काम चाललं. पोखरलेल्या झाडावर चढणं शक्य नव्हतं. चासिबनं इब्तिहालच्या गच्चीवरून शेंड्याला दोर बांधले, गल्लीतल्या चौघांनी ते गल्लीच्या बाजूला ताणून धरले आणि खाली करवत लागली. नजीबा स्वयंपाकघरात चुलीकडे तोंड करून उभी होती. तिनं काही शिजवायला ठेवलं नव्हतं. झाड कलताना जो आवाज झाला तो तिनं पाठीवर ऐकला, आणि मग सगळ्या भांड्यांनी एकदम खणखण केलं.

बाहेर आली तेव्हा खजुरी गल्लीत आडवी पडली होती. मध्यावर फुटली होती. आतल्या भुशात बोटाएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. एका शेजाऱ्यानं चपलेनं चिरडायला सुरुवात केली. चासिब शेंड्यापाशी बसला होता. झावळ्या सोलत सोलत तो आत पोचला आणि त्यानं आतला गाभा काढला. त्याला जुम्मार म्हणतात. पांढराशुभ्र, लहान बाळाएवढा. तो झाडाचा जीव असतो. खायला मिळतो तो झाड मेल्यावरच, म्हणून त्याच्यासारखं अप्रूप कशाचंच नाही. चासिबनं एक कपची तोंडात टाकली आणि चावता चावता थांबला.

"कसा आहे?" नजीबानं विचारलं.

"गोड."

"म्हणजे?"

"वरून ती ठणठणीत होती," चासिब म्हणाला आणि मान खाली घातली. "वेळेवर बघितलं असतं तर अजून पन्नास वर्षं..."

"पुरे," नजीबा म्हणाली. "काप."

जुम्मार एकट्यानं खायचा नसतो, गल्लीला वाटायचा असतो. नजीबानं परात काढली, तुकडे मांडले आणि सवयीनं पहिला, सगळ्यात मोठा, वेगळ्या ताटलीत काढून ठेवला. मुहनदचा. मग परात उचलली आणि ताटली तिच्यातच कडेला ठेवली. तशी का ठेवली, ते तिला सांगता आलं नसतं.

अतैफियात कुणी दारात खायचं घेऊन आलं की विचारतात, कुणाच्या सवाबासाठी? घरातल्या कोणत्या मेलेल्याला याचं पुण्य पोचवायचं? नाव सांगितलं की घेणारा तिथेच उभ्या उभ्या फातेहा पढतो. पहिल्या दारी म्हाताऱ्यानं सवयीनं विचारलं आणि विचारून घाबरला.

"कुणाच्या नाही," नजीबा म्हणाली. "खजुरी पडली, म्हणून."

दुसऱ्या दारी कुणी विचारलंच नाही. तिसऱ्या दारीही नाही. लोक दोन्ही हातांनी तुकडा घेत होते आणि तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन ती परत फिरली. येताना पडलेल्या बुंध्याला वळसा घालावा लागला. खालचे खुंट अजून तसेच होते. एक, त्याच्या वर दुसरा, पावलाच्या अंतरावर. तिला पोराचे अनवाणी पाय दिसले, टाचांना माती लागलेले. त्याच खुंटांच्या मागे किडा होता. तिनं जपून ठेवलेल्या जागेतच तो वाढला. ती बराच वेळ तिथे उभी होती. कुणीतरी स्टूल आणलं, ती बसली नाही.

शेवटचं दार इब्तिहालचं. परात रिकामी झाली होती. ताटली तेवढी उरली होती. इब्तिहालनं दार उघडलं, कडेवर बाळ होतं आणि पायाशी रवा.

"घे," नजीबा म्हणाली.

इब्तिहालनं ताटली ओळखली. पहिला वाटा मुहनदचा, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं हात पुढे केला नाही.

"खाला, ही त्याची आहे. मी कशी घेऊ?"

"घे म्हणते ना. पोरांना दे. आजच गोड लागतो, उद्या काळा पडतो."

इब्तिहालनं ताटली घेतली. रवानं लगेच तुकडा उचलून तोंडात कोंबला. नजीबा हलली नाही. तिचे हात रिकामे झाले होते आणि तिनं ते झग्याला पुसले.

"तू विचारलं नाहीस," ती म्हणाली.

"काय, खाला?"

"दारात आलेल्याला विचारतात ते."

 इब्तिहालनं बाळ एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. मग अगदी हळू विचारलं, "कुणाच्या सवाबासाठी?"

"मुहनदच्या," नजीबा म्हणाली. "माझ्या मुलाच्या. पढ."

इब्तिहालनं डोळे मिटले. एक हात बाळाला धरून, दुसरा छातीपाशी उघडा धरून ती पढायला लागली आणि मध्येच अडकली, परत पहिल्यापासून सुरू केलं. नजीबा तिच्या ओठांकडे बघत होती. एकही शब्द सुटलेला चालणार नव्हता. संपल्यावर नजीबानं आपले हात तोंडावरून फिरवले, आणि ते तिथेच राहिले. हाताआडून रडणं ऐकू यायला लागलं तेव्हा रवा चावायची थांबली.

मग ती उंबऱ्यावर बसली. समोर गल्लीत ऊन पडलं होतं, जिथे कधीच पडायचं नाही तिथे.

"चहा ठेव," ती म्हणाली.